ग्रंथालयाची यादी आणि दलित साहित्याची जागा

१

दलित साहित्याच्या समीक्षेसंबंधी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्थापित समीक्षेने या साहित्याला लावलेल्या कसोट्या, त्या कसोट्यांमागची अभिरुची आणि त्या अभिरुचीमागचे समाजजीवन यांची चिकित्सा परिसंवादांतून झाली, संमेलनांच्या व्यासपीठांवरून झाली, नियतकालिकांच्या पानांतूनही झाली. एका समीक्षेकडे मात्र आपले लक्ष फारसे गेलेले नाही. ही समीक्षा फार तर पाच-सहा ओळींची असते. तिच्याखाली कोणाची सही नसते. तिच्यावर वाद झडत नाहीत. आणि तरीही एखादे पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती पडणार की नाही, हे पुष्कळदा तीच ठरवते. ग्रंथालयाच्या यादीतील त्या पुस्तकाची नोंद ही ती समीक्षा होय.

पुस्तक कोणाचे, त्याचे नाव काय, ते कशाविषयी आहे आणि ते कोणत्या आकड्याखाली ठेवायचे, या चार प्रश्नांची उत्तरे म्हणजे नोंद. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तकाचे पहिले पान पाहून देता येतात. उरलेल्या दोहोंसाठी पुस्तक समजावे लागते, निदान चाळावे लागते आणि मग निर्णय द्यावा लागतो. निर्णय आला की त्यामागे मूल्यदृष्टी आलीच. तेव्हा तालिकीकरण आणि वर्गीकरण ही ग्रंथपालाची तांत्रिक कामे आहेत, साहित्याच्या समीक्षकाला त्यात पडण्याचे कारण नाही, हा समज आता सोडला पाहिजे.

आता म्हणण्याचे कारण असे, की ही यादी लाकडी खणांतील कार्डांवरून यंत्रात गेली आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने तयार केलेली ‘सोल’ ही प्रणाली, न्यूझीलंडमधून आलेली आणि सर्वांना मोफत असलेली ‘कोहा’, शिवाय इतर काही प्रणाली महाविद्यालयांतून रुळल्या आहेत. नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाच्या संगणकीकरणाची विचारणा होऊ लागल्यापासून तालुक्याच्या महाविद्यालयांनाही या वाटेने जावे लागले. ग्रंथालयातील लोक या ऑनलाइन यादीला ‘ओपॅक’ म्हणतात. विद्यार्थी मोबाइलवर ती उघडतो, एका चौकटीत दोन शब्द टाकतो आणि उत्तराची वाट पाहतो.

मुक्ताईनगर हे असेच तालुक्याचे गाव. तापी आणि पूर्णा यांचा संगम जवळच चांगदेवला. कुऱ्हा, अंतुर्ली, कोथळी या गावांकडची मुले-मुली एसटीने शिकायला निघतात. कोणी येथेच थांबतात, कोणाला भुसावळ किंवा जळगाव गाठावे लागते. ज्या घरात आई-बाप केळीच्या नाहीतर कापसाच्या शेतात मजुरीला जातात, त्या घरातल्या मुलीला तिकिटाचे पैसे मोडण्याआधी पुस्तक तेथे आहे की नाही हे घरबसल्या कळणे ही लहान सोय नव्हे. आणखीही एक लाभ आहे. बंद कपाटांच्या ग्रंथालयात चिठ्ठी भरून देवघेवीच्या खिडकीपाशी उभे राहावे लागे. खिडकीपलीकडचा माणूस नाव वाची, आडनाव वाची, मग वर पाही. ते पाहणे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. यंत्र आडनाव विचारत नाही. हा लाभ खरा आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु खिडकीपलीकडे कधीकधी चांगला ग्रंथपालही असे. ‘ते एका बाईंनी लिहिलेले, त्यांच्या बोलीतले’ एवढे अर्धवट सांगितले तरी तो पुस्तक काढून हाती देई. यंत्राजवळ हे शहाणपण नाही. ते अक्षराशी अक्षर जुळवते. नोंद करणाऱ्याने जे शब्द आत घातले तेच बाहेर येतात. जे घातले नाहीत त्यांच्यापुढे ‘शून्य नोंदी’ असे उत्तर येते. कपाटाजवळ उभा असलेला वाचक शेजारचे पुस्तक तरी पाहतो. पडद्यापुढचा वाचक शून्य पाहतो आणि पुस्तक नाहीच असे समजून उठतो. पुस्तक कपाटात असूनही वाचकापुरते ते नष्ट झालेले असते.

येथे कोणत्याही एका महाविद्यालयाच्या यादीवर ठपका ठेवायचा नाही. प्रश्न पद्धतीचा आहे, आणि तो मुक्ताईनगरला जसा आहे तसाच मुंबईलाही आहे.

२

प्रथम आकड्याचा प्रश्न घेऊ. आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयीन ग्रंथालये मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाची दशांश वर्गीकरण पद्धती वापरतात. ती १८७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. सगळे ज्ञान दहा वर्गांत वाटायचे, प्रत्येक वर्गाचे पुन्हा दहा भाग करायचे, अशी तिची रचना. या रचनेत मराठी वाङ्मय ८९१.४६ या आकड्याखाली येते. त्यातच पुढे कविता, नाटक, कथा-कादंबरी यांची घरे पडतात. सामाजिक वर्ग, त्यांचे थर, दलितांचा प्रश्न हे विषय ३०५.५ च्या घरात जातात. चरित्र-आत्मचरित्रांना ९२० हा आकडा देण्याची रीत आहे.

आता दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) कोठे ठेवायचे? प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ (१९८०), कुमुद पावडे यांचा ‘अंतःस्फोट’ (१९८१), शरणकुमार लिंबाळे यांची ‘अक्करमाशी’ (१९८४) कोठे ठेवायची? ८९१.४६ मध्ये, ९२० मध्ये, की ३०५.५ मध्ये?

दलित आत्मकथने ही वाङ्मय आहेत की केवळ सामाजिक दस्तऐवज, हा वाद सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत आपण जाहीरपणे लढलो. ‘अनुभव दाहक आहे, पण कलाकृती म्हणून काय?’ असा प्रश्न तेव्हा पुन्हा पुन्हा विचारला जाई. त्याला उत्तर देण्यासाठी सौंदर्यशास्त्राच्या मूळ गृहीतांनाच हात घालावा लागला. तो वाद आपण जिंकलो असे आपल्याला वाटते. आत्मकथने अभ्यासक्रमांत आली, त्यांवर प्रबंध झाले. पण नोंद करणाऱ्याने ‘अक्करमाशी’वर ३०५.५ लिहिले, की त्याच्या त्या एका आकड्याने जुन्या वादात जुन्या पक्षाच्या बाजूने मत दिलेले असते. हे मत कोणी वाचत नाही, म्हणून ते कोणी खोडतही नाही.

मात्र हा प्रश्न एका बाजूने सोडवून चालत नाही. ‘बलुतं’ ८९१.४६ मध्ये ठेवले म्हणजे ते मराठी गद्याच्या मुख्य प्रवाहात बसले, हे बरोबर. पण समाजशास्त्राचा जो विद्यार्थी ३०५.५ च्या कपाटाशी उभा आहे, त्याच्यापुढे मग दलितांविषयी इतरांनी लिहिलेली पुस्तके तेवढी येतात. दलितांनी स्वतः केलेली समाजाची तपासणी दुसऱ्या खोलीत राहते. धम्मदीक्षेच्या चळवळीवरील पुस्तकाचे तसेच. ते २९४.३ या बौद्ध धर्माच्या आकड्याखाली ठेवले की समाजक्रांतीचा भाग झाकतो, आणि समाजशास्त्रात ठेवले की धम्माचा. कपाटात एका प्रतीला एकच जागा असते. म्हणून काहीतरी झाकले जाणारच, असे म्हणण्यास पूर्वी आधार होता.

यंत्राने हा आधार काढून घेतला आहे. पुस्तक कपाटात एकाच ठिकाणी राहील, पण यादीत त्याला एकाच वेळी पाच विषयशीर्षके देता येतात. ‘बलुतं’ला ‘मराठी साहित्य’, ‘दलित आत्मकथन’, ‘जातिव्यवस्था’, ‘महार समाज’, ‘मुंबईतील कामगारवस्ती’ ही सगळी नावे जोडता येतात आणि त्यांपैकी कोणत्याही वाटेने वाचक पुस्तकापाशी पोहोचतो. एवढे शक्य असताना विषयाचा रकाना रिकामा ठेवला जातो किंवा त्यात नुसते ‘मराठी’ असे लिहिले जाते, तेव्हा कारण जागेच्या टंचाईचे उरत नाही. आपल्या परिसराची एक कथा आहे. चांगदेवाने ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवले. इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताई म्हणाली, असे परंपरा सांगते. लक्षावधी रुपयांची यंत्रसामग्री आणि विषयाचा रकाना कोरा, अशा यादीला दुसरा शेरा शोधण्याची गरज नाही.

३

वर्गीकरणाच्या आकड्यांना मूल्यदृष्टी असते हे म्हणणे कोणाला अतिरेकी वाटेल. त्यांच्यासाठी एक उदाहरण. अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी आपले नाते आपण साठ-सत्तरच्या दशकांतच ओळखले. १९७२ मध्ये दलित पँथरने नावही तेथूनच घेतले. त्याच समाजातील डॉरोथी पोर्टर ही ग्रंथपाल बाई १९३० पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काळ्यांविषयीच्या ग्रंथसंग्रहाचे काम पाहू लागली. तिच्या ध्यानात आले, की काळ्या लेखकाचे पुस्तक हाती आले की गोरी ग्रंथालये त्याला ड्यूईचे ३२५ आणि ३२६ हे दोनच आकडे देतात. ३२५ म्हणजे वसाहतीकरण आणि ३२६ म्हणजे गुलामगिरी. पुस्तक कवितेचे असो, इतिहासाचे असो. लेखक काळा आहे एवढे पुरे. पोर्टरबाईंनी हे नाकारले. कवितेला कवितेचा आकडा, इतिहासाला इतिहासाचा, अशी त्यांनी आपल्या संग्रहाची नवी मांडणी केली. काळा माणूस ज्ञानाच्या प्रत्येक शाखेत आहे, हे विधान त्यांनी लेख न लिहिता, फक्त आकडे बदलून केले.

आणि मूळ पद्धतीचा कर्ता ड्यूई? त्याने चालवलेल्या लेक प्लॅसिड क्लबमध्ये ज्यूंना आणि काळ्यांना प्रवेश नव्हता. त्यावरून १९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने त्याला जाहीर समज दिली होती. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरून त्याचे नाव काढले ते २०१९ मध्ये. त्याच्या पद्धतीत धर्माच्या वर्गातील बहुतेक घरे ख्रिस्ती धर्माला आहेत आणि जगातले उरलेले धर्म शेवटच्या दहांत कोंबलेले आहेत. हिंदू आणि बौद्ध दोघेही २९४ मध्येच. आपल्या पंचांगातले पवित्र-अपवित्र तेवढे जातीय आणि बाहेरून आलेला आकडा तेवढा निर्विकार, असे मानण्याचे काही कारण नाही.

शब्दही असेच बदलतात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची विषयशीर्षके जगभरातील यादीकार वापरतात. तेथे आपल्या समाजासाठी ‘अनटचेबल्स’ हे शीर्षक होते; आता ते ‘दलित्स’ असे आहे आणि जुना शब्द केवळ शोधणाऱ्याला नव्याकडे वळवण्यापुरता ठेवला आहे. हा बदल यादीत आपोआप उगवला नाही. ज्या चळवळीने तो शब्द स्वतःसाठी निवडला, ज्या कवींनी आणि कार्यकर्त्यांनी तो जगाला म्हणायला लावला, त्यांच्या मागून तो यादीत आला. चळवळ पुढे असते आणि यादी मागून येते. ती किती मागे राहू द्यायची, एवढेच आपल्या हाती असते.

४

आता खंडांचा प्रश्न. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः प्रसिद्ध करायला सुरुवात केली. हे खंड पुष्कळ महाविद्यालयांत आहेत. यादीत ते कसे दिसतात? ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस, खंड १’, ‘खंड २’, ‘खंड ३’. पहिल्या खंडात ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) आहे हे नोंद सांगत नाही. ‘हू वेअर द शूद्राज’ आणि ‘द अनटचेबल्स’ सातव्या खंडात आहेत, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ अकराव्यात, हेही सांगत नाही. वाणिज्य शाखेची एखादी मुलगी चलनाच्या प्रश्नावर पुस्तक शोधते. १९२३ चा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ सहाव्या खंडात तिच्याच महाविद्यालयात पडून असतो. तिने ‘रुपी’ हा शब्द टाकला तरी उत्तर शून्यच येते. बाबासाहेबांनी अर्थशास्त्रावर मूलगामी ग्रंथ लिहिला, ही गोष्ट तिच्यापासून कोणी हेतुपूर्वक लपवली नाही; एका ओळीची नोंद अपुरी राहिली, इतकेच. परिणाम मात्र लपवल्यासारखाच झाला.

जोतीरावांचे तसेच. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ १९६९ मध्ये निघाले. ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) त्याच्या पोटात आहेत. यादीला पोटातले दिसत नाही.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण मुक्ता साळवे हिचे आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ मध्ये छापून आला. दलित लेखनाचा इतिहास सांगताना आपण या निबंधापाशी जातो. त्यातला पेच ग्रंथाविषयीचाच आहे, हे येथे मुद्दाम ध्यानात घ्यावे. वेद वाचण्याचा अधिकार ब्राह्मणांनाच असेल, तर आमचा ग्रंथ कोणता? आणि ग्रंथच नाही, तर आमचा धर्म कोणता? असा तिचा रोख आहे. ज्या समाजाला पुस्तकाजवळ जाण्याची बंदी होती, त्या समाजातल्या शाळकरी मुलीने लिहायला घेताच पहिला प्रश्न विचारला तो पुस्तकावरच्या मालकीचा.

आता मुक्ताईनगरच्या विद्यार्थिनीने यादीत ‘मुक्ता’ हा शब्द टाकला असे समजा. संत मुक्ताबाईंची चरित्रे येतील, ताटीच्या अभंगांवरची पुस्तके येतील. ती यावीतच, ज्या गावाने आपले नाव एका स्त्रीवरून घेतले, त्या गावाला तिचे साहित्य सहज सापडले पाहिजे. पण मुक्ता साळवे येणार नाही. तिच्या नावावर पुस्तक नाही, एक निबंध आहे, आणि एका निबंधाला यादीत स्वतंत्र घर नसते. सुसी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या ‘विमेन रायटिंग इन इंडिया’ या इंग्रजी ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१९९१) तो निबंध भाषांतरित झालेला आहे. तो खंड कपाटात असला तरी यादीतील नोंदीवर दोन संपादकांची नावे असतील, मुक्ताचे नसेल. एका मुक्तेपर्यंत वाट आहे आणि दुसरीपर्यंत नाही. हा कोणाचा द्वेष नव्हे. पण ज्यांच्या समाजाला ग्रंथ लिहिण्याची, छापण्याची, बांधून घेण्याची ऐपत आधी आली, त्यांचे लेखन ‘पुस्तक’ झाले. आपले लेखन निबंध, पत्र, अर्ज, जलसा, पुस्तिका, स्मरणिका या रूपांत राहिले. यादी फक्त पुस्तकाला ओळखत असेल, तर ती या जुन्या विषमतेची नक्कलच करते.

‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०), ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) ही आपल्या विचाराची मुख्य पेठ होती. सत्तरच्या दशकातील आपली वाङ्मयीन चळवळ नियतकालिकांतून उभी राहिली. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये सिद्ध केली; पुढे नियतकालिकांच्या सूचीच्या कामातही ते होते. हे काम एका माणसाने एवढ्या निष्ठेने करावे हा मराठी भाषेवरचा उपकार आहे. पण आपल्या लेखांची, पुस्तिकांची, जलशांच्या चोपड्यांची तशी सूची आपल्यापैकी किती जणांनी केली? हा प्रश्न आपण आपल्यालाही विचारला पाहिजे.

५

तिसरा प्रश्न अक्षरांचा. तो दिसायला क्षुल्लक आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ हेच नाव घ्या. काही ठिकाणी ते ‘असूड’ असे छापलेले असते, काही ठिकाणी ‘आसूड’. यंत्राच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द. त्यातच ‘ऱ्या’ हे अक्षर यंत्रात दोन रीतींनी साठवता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राला तसे शिकवलेले नसेल तर एक दुसऱ्याशी जुळत नाही. कुऱ्ह्याच्या मुलाला आपल्या गावाचे नावसुद्धा यादीत सापडेल याची खात्री नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी जुन्या छपाईच्या फाँटांत केलेल्या नोंदी नव्या यंत्रात गेल्या की अक्षरांचा निव्वळ कचरा होतो. कोठे ‘आंबेडकर’ आहे, कोठे ‘अंबेडकर’. कोठे आडनाव आधी, कोठे ‘डॉ.’ आधी, कोठे रोमन लिपीत. या साऱ्या रूपांना एकमेकांशी जोडणारा धागा नसेल, तर एकाच लेखकाचे यादीत पाच लेखक होतात आणि विद्यार्थ्याला त्यांपैकी एकच भेटतो.

खरे दुखणे याच्याही पुढे आहे. शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनाचे नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) असे आहे. बेबीताई कांबळे यांच्या पुस्तकाचे नाव ‘जिणं आमुचं’ (१९८६). नोंद करणाऱ्या सुशिक्षित हाताला ‘माज्या’ आणि ‘जल्म’ ही चूक वाटली आणि त्याने सद्‌हेतूने ‘माझ्या जन्माची’ असे केले, की पुस्तक गेले. उलट, यादीत नाव बरोबर असेल पण विद्यार्थी शाळेत शिकवलेल्या शुद्धलेखनानुसार शोधत असेल, तरीही गेले. प्रमाणभाषेचा हा पहारा आपल्या ओळखीचा आहे. लेखिकेने बोलीत नाव ठेवले ते चुकून नव्हे. तो तिचा वाङ्मयीन निर्णय होता. तिने संपादकाची, प्रकाशकाची, समीक्षकाची तपासणी पार केली आणि अखेरीस शोधाच्या चौकटीने तिला अडवले.

खानदेशाला हे विशेष समजावे. बहिणाबाईंची गाणी ज्या बोलीत जन्मली ती आपल्या परिसराची बोली. पलीकडे अहिराणी, आणि सातपुड्याकडे भिलांची भाषा. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) हा संग्रह भिली आणि मराठी अशा दोन भाषांत उभा आहे. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ एवढे लिहून मोकळे होणे सोपे आहे. पण तेवढ्याने एक भाषा यादीतून नाहीशी होते.

गावांच्या आणि संस्थांच्या नावांचेही तसेच. मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचे एदलाबाद; जळगाव जिल्हा म्हणजे पूर्वीचा पूर्व खानदेश. आपल्या तालुक्याचा इतिहास शोधणाऱ्याने नवे नाव टाकले तर जुनी पुस्तके येत नाहीत. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव २०१८ मध्ये मिळाले. त्याआधीचे प्रबंध जुन्या नावाखाली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळण्यासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत काय मोजावे लागले हे सांगायला नको. नामांतर म्हणजे पाटी बदलणे नव्हे हे आपण तेव्हा म्हणत होतो. यादीत दोन्ही नावे एकमेकांना जोडून ठेवली, तर तो लढाही शोधणाऱ्याला दिसतो.

६

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्यातूनच येईल. ‘दलित साहित्य’ असे वेगळे शीर्षक यादीत घालणे म्हणजे गावाबाहेरचा वाडा यंत्रातही बांधणे नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. पोर्टरबाईंचा लढा अशाच वाड्याविरुद्ध होता. काही ग्रंथालयांत बाबासाहेबांची सगळी पुस्तके एका कोपऱ्यात सन्मानाने मांडलेली असतात. त्यात ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ही असते आणि अर्थशास्त्राचे कपाट त्याच्यावाचून राहते. सन्मानाने केलेले वेगळेपण हेही वेगळेपणच.

याचे उत्तर दोन गोष्टी वेगळ्या केल्याने मिळते. लेखकाची जात नोंदवणे हे यादीचे काम नाही. पुस्तक काय सांगते हे नोंदवणे हे तिचे काम आहे. दलित समाजातील अर्थशास्त्रज्ञाने बँकिंगवर लिहिले तर त्यावर ‘दलित’ ही मोहोर उमटवण्याचा कोणाला अधिकार नाही. पण ज्या पुस्तकाने जातीच्या दुःखाला वाचा फोडली, नकार दिला, विद्रोह मांडला, त्याच्या नोंदीत तो विद्रोह दिसला नाही तर त्या पुस्तकाचे तोंड पुन्हा दाबले जाते. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा कथासंग्रह फक्त ‘मराठी कथा’ या शीर्षकाखाली ठेवणे हा समतेचा व्यवहार नव्हे. नावातच जो शब्द आहे तो न वाचण्याचा तो प्रकार आहे. बागुल ‘मराठी कथा’ येथेही पाहिजेत आणि ‘जातिव्यवस्था’ येथेही पाहिजेत. वाडा तेव्हाच होतो जेव्हा जाण्या-येण्याची एकच वाट ठेवली जाते.

दुसरा आक्षेप ग्रंथपालांचा असेल: माणसे कमी, पुस्तके हजारो, वेळ नाही. तो खरा आहे. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, नोंदींचे काम कंत्राटावर दिले जाते, मूल्यांकनाच्या घाईत नोंदींची संख्या पाहिली जाते. पण म्हणूनच हे काम ग्रंथपालावर टाकून आपण मोकळे होणे बरे नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असे त्यांपैकी दोन. दुसरा नियम वाचक आणि शिक्षक यांच्या मदतीवाचून पाळता येणार नाही.

७

काय करता येईल? यंत्रातील नोंदींची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, जिला ‘मार्क’ म्हणतात आणि जी ‘सोल’ व ‘कोहा’ या दोन्ही प्रणालींना मान्य आहे, तिच्यात यासाठी रकाने आधीच आहेत. २४६ या रकान्यात नावाची दुसरी रूपे लिहिता येतात: ‘असूड’बरोबर ‘आसूड’, ‘माज्या जल्माची’बरोबर ‘माझ्या जन्माची’. ५०५ मध्ये खंडाच्या पोटातील ग्रंथांची आणि लेखांची नावे देता येतात. ६५० मध्ये विषयशीर्षके, हवी तितकी. नवी खरेदी नको, नवे यंत्र नको. बाबासाहेबांच्या खंडांच्या अनुक्रमणिका ५०५ मध्ये उतरवणे हे चार-सहा विद्यार्थ्यांचे एका सुटीतील काम आहे. ज्या महाविद्यालयात मराठीचा, समाजशास्त्राचा विभाग आहे तेथे प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. विद्यार्थी पुस्तक वाचेल, त्याची पाच विषयशीर्षके सुचवील, ती का सुचवली हे लिहील. ग्रंथपाल तपासून आत घालील. समीक्षेचे याहून चांगले पहिले शिक्षण नाही.

विद्यार्थ्यांनी मनावर घेतले तर काय होते याचा दाखला आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी, कागदपत्रांवाचून राहणाऱ्या स्थलांतरितांसाठी यादीत असलेल्या ‘इल्लीगल एलियन्स’ या शीर्षकाविरुद्ध २०१४ मध्ये मागणी केली. राजकीय विरोध झाला, वर्षे गेली, पण २०२१ मध्ये काँग्रेस ग्रंथालयाने ते शीर्षक बदलले. एका महाविद्यालयाच्या वाचकांनी एक शब्द खटकून घेतला तेथून हे सुरू झाले.

आपल्या नियतकालिकांनीही एक शिस्त पाळावी. वर्षाच्या शेवटच्या अंकात त्या वर्षातील लेखांची, कवितांची, लेखकांची सूची द्यावी आणि ती ग्रंथालयांना यंत्रात घालता येईल अशा रूपात पाठवावी. कार्यकर्त्यांच्या घरी पेटीत पडलेल्या स्मरणिका, जलशांच्या चोपड्या, परिषदांचे ठराव जवळच्या महाविद्यालयाकडे द्यावेत. देताना पावती घ्यावी, दाखल नोंदवहीत नोंद झाली आहे का ते पाहावे, आणि महिन्याने यादीत शोधून पाहावे. सापडले नाही तर पुन्हा जावे. आपल्या समीक्षकांनी पुस्तकाचे परीक्षण लिहिताना ते पुस्तक आपल्या ग्रंथालयाच्या यादीत कोणत्या नावाखाली, कोणत्या आकड्याखाली आहे हेही एकदा पाहावे, आणि चुकीचे असेल तर त्यावर लिहावे.

साहित्याची जागा कोणती, हा वाद आपण मोठ्या व्यासपीठांवर मांडला. ती जागा रोज, पुस्तकागणिक, एका लहानशा रकान्यात ठरते आहे. मुक्ताईनगरची एखादी मुलगी उद्या त्या चौकटीत ‘मुक्ता’ लिहील. तिला दोन्ही मुक्ता सापडल्या पाहिजेत.